लेडी तुफान पुसदला हरली

घनश्यामची मुलगी सलोनी कुस्त्या करून पोट भरते हे ढाणकीच्या बाजारात सगळ्यांना ठाऊक होतं. पण ती नेमक्या कोणत्या कुस्त्या करते, यावर लोकांचं एकमत होत नव्हतं. मातीतल्या नव्हेत, मॅटवरच्याही नव्हेत. चारी बाजूंनी दोऱ्या ताणलेल्या रिंगणातल्या, टीव्हीवर दाखवतात तसल्या. शाळेत असताना ती कबड्डी खेळायची, पुढे अमरावतीला जाऊन मॅटवरची कुस्ती शिकली, आणि तिथल्याच एका मैत्रिणीच्या नादानं थेट पंजाबात गेली. तिथे या कुस्तीची शाळा होती. दोन वर्षांनी ती एका कंपनीबरोबर गावोगावी फिरायला लागली तेव्हा तिचं नाव बदललेलं होतं. पोस्टरवर आता ‘लेडी तुफान’ असं छापून येत असे.

घनश्यामला या सगळ्याचा अभिमान होता, पण तो दाखवायची त्याची जागा एकच होती, ती म्हणजे गफ्फारचं दुकान. गफ्फार जळालेल्या पंपाच्या मोटारी नवी तार गुंडाळून भरून द्यायचा. मोटार भरून होईपर्यंत शेतकऱ्याला बसावंच लागतं, त्यामुळे त्या दुकानात बोलणं कधी संपत नसे. आणि सलोनी कुस्तीत गेल्यापासून तिथे एकच वाद पुन्हा पुन्हा निघायचा. आजवरच्या सगळ्या पहिलवानांत मोठा कोण?

“जो कधी हारला नाई, तो,” तांब्याची तार गुंडाळता गुंडाळता गफ्फार म्हणायचा. “सीधी बात हाय.”

“तसं नाई,” घनश्याम म्हणायचा. “ज्याचं नाव ऐकूनच समोरचा अर्धा होते, तो मोठा. हारला का जितला, ते नंतर.”

“पन तुह्या पोरीच्या कुस्तीत त पयलेच ठरलेलं रायते ना यार. नाटकच हाय ते.”

मागच्या दिवाळीला सलोनी घरी आली तेव्हा तिच्या बोटाला प्लास्टर होतं. नाटकात बोट मोडत नाही, एवढंच घनश्यामला समजत होतं. निकाल ठरलेला असतो की नाही, हे त्यानं तिला कधी विचारलं नाही आणि तिनंही आपण होऊन सांगितलं नाही.

जानेवारीत तुरीची सोंगणी चालू असताना कंपनीचा कार्यक्रम पुसदला ठरला. ढाणकीच्या बसस्टँडवरसुद्धा पोस्टर लागलं. काळ्या कपड्यांतली सलोनी, डोळ्यांवर काळा चष्मा आणि ओठ मुडपलेले. घनश्यामनं त्याच दिवशी तिला फोन लावला.

“आमी सगळे येतो,” तो म्हणाला. “टेम्पोच सांगतो एक.”

“नका येऊ, बाबा.”

“काहून?”

“तुमी समोर बसले की मले सुधरत नाई.”

“अवो, आमी कायले काही करून राह्यलो? बसू मागं गुपचूप.”

“बरं, या,” ती शेवटी म्हणाली. “पन जे होईन ते मनाले लावून घेऊ नका. आईलेही सांगा.”

घनश्यामला वाटलं, पोरगी बापाला बघून लाजते आहे. त्यानं टेम्पो सांगितला. गावातले वीस-बावीस जण निघाले. सरपंचकी करून बसलेले पुंडलिकराव पुढे ड्रायव्हरशेजारी, मागे शेजारच्या हंसाबाई आणि बाया, कोपऱ्यात गफ्फार. सलोनीची आई इंदुताई मांडीवर तिळाच्या लाडवांचा डबा घेऊन बसली होती. वाटेत पुंडलिकराव दोनदा मागे वळून म्हणाले, “घनश्याम, आपल्या गावची पोट्टी हाय. जितली की हारतुरे मीच घालतो.” त्यांनी खरंच झेंडूचा हार आणला होता.

मैदानावर दुपारपासूनच गर्दी होती. मधोमध रिंगण उभारलेलं, चारी बाजूंना खुर्च्या. घनश्यामच्या गावाला पूर्वेकडच्या रांगा मिळाल्या. पहिल्या दोन कुस्त्या पुरुषांच्या झाल्या, त्यांत कोणी कोणाला खुर्चीनंसुद्धा मारलं, आणि गफ्फार प्रत्येक वेळी “नाटक, नाटक” म्हणत राहिला, पण पुढे सरकून बसलेला होता.

मग अस्मा आली. पुसदच्याच आसिम गॅरेजवाल्याची मुलगी, एकोणीस वर्षांची, लोकांपुढची ही तिची पहिली कुस्ती. अंगभर हिरवे कपडे, केस घट्ट बांधलेले. माईकवाल्यानं तिचं नाव मोठ्यानं घेतलं, पण टाळ्या विरळच पडल्या. पुसदमध्येही तिला फार कोणी ओळखत नव्हतं. तिनं चारी दिशांना हात जोडले आणि कोपऱ्यात जाऊन उभी राहिली. कुठे पाहावं हे तिला सुचत नसावं.

“आणि आता,” माईकवाला म्हणाला, “याच मातीतली, ढाणकीच्या शिवारातली, लेडी तुफान.”

पूर्वेकडच्या रांगा उठून उभ्या राहिल्या. पुंडलिकरावांनी हार उंच धरला. सलोनी आली ती कोणाकडेही न बघता, च्युइंगगम चघळत. दोऱ्यांमधून आत शिरली आणि माईकवाल्याच्या हातातला माईक तिनं हिसकावून घेतला.

“कोणाची माती?” ती म्हणाली. बोलणं आपल्याकडचं नव्हतं. तिकडचं, शहरातलं, नाकात बोलतात तसलं. “माझी नाही. मी इथून गेले ते बरं झालं. काय आहे इथे? धूळ आणि कापूस. आणि ते बघा, माझ्या गावचे लोक. टेम्पोत भरून आलेत. येताना आंघोळ तरी केली का?”

क्षणभर मैदान गप्प झालं. मग जो आरडाओरडा उठला, तसा घनश्यामनं कधी ऐकला नव्हता. पुंडलिकरावांचा वर गेलेला हात तसाच राहिला आणि हळूहळू खाली आला. हंसाबाई पदरात तोंड घालून बसल्या. मागून कोणीतरी घनश्यामकडे बोट दाखवून म्हणालं, “याची हाय.” त्याला वाटलं, उठावं आणि चालत सुटावं. रात्रंदिवस राबून ज्या रानात त्यानं हिला वाढवलं, ते रान तिनं तीन शब्दांत उडवून लावलं होतं. तेही परक्यांपुढे.

त्यानं इंदुताईकडे पाहिलं. ती डब्यावर हात ठेवून शांत बसली होती.

“ऐकलं ना तू?” तो म्हणाला.

“ऐकलं,” इंदुताई म्हणाली. “पन तिनं माह्याकडे पाह्यलं नाई. खोटं बोलतानी ती लहानपनापासून माह्याकडे पाहात नाई.”

कुस्ती सुरू झाली तेव्हा सगळं मैदान अस्माच्या बाजूनं झालं होतं. सलोनीनं तिचे केस ओढले की लोक शिव्या देत, अस्मानं सलोनीला खांद्यावरून फेकलं की टोप्या वर जात. “अस्मा, अस्मा” असा ठेका धरला गेला, आणि तो धरणाऱ्यांत पूर्वेकडच्या रांगा सगळ्यात मोठ्यानं ओरडत होत्या. पुंडलिकराव खुर्चीवर चढले होते. घनश्याम एकटाच बसून होता. त्याला दिसत होतं की पोरगी पडते तेव्हा पाठीवर सपाट पडते, आणि पडण्याआधी हनुवटी छातीला लावते. ते तिला कोणीतरी शिकवलेलं असणार.

शेवटी सलोनी मधोमध उताणी पडली. अस्मा कोपऱ्यातल्या खांबावर चढली, सगळ्यात वरच्या दोरीवर उभी राहिली आणि तिनं हात पसरले. लोक उभे झाले. तिनं उडी घेतली, पण घेताना तिचा एक पाय दोरीवरून निसटला. गर्दीतल्या कोणाच्या ते ध्यानात आलं नाही, कारण पुढच्या क्षणी ती सलोनीच्या अंगावर कोसळली होती. घनश्यामला मात्र एक गोष्ट दिसली. उताणी पडलेली सलोनी मध्येच अर्धी उठली, अंग आडवं घातलं आणि तिचा उजवा तळवा अस्माच्या मानेमागे गेला. मग दोघी एकमेकींत गुंतून खाली आल्या. रिंगणाखालच्या फळ्यांचा आवाज झाला. सलोनी हलली नाही. रेफरीनं तीनदा हात आपटला.

पुसद हरखून गेलं. अस्माला लोकांनी खांद्यावर घेतलं. आणि जो हार ढाणकीच्या मुलीसाठी आणलेला होता, तो पुंडलिकरावांनी गर्दीतून वाट काढत जाऊन अस्माच्या गळ्यात घातला.

टेम्पो निघायची वेळ झाली तेव्हा कोणी घनश्यामशी बोललं नाही. “तुमी या मागून एसटीनं,” एवढं म्हणून पुंडलिकराव पुढे बसले. गफ्फार तेवढा थांबला. “जा, पोरीले पाहून ये,” तो म्हणाला. “मी इथं चहा पितो.”

रिंगणामागे कनात लावून एक आडोसा केला होता. घनश्याम आणि इंदुताई आत गेले तेव्हा सलोनी बाकावर बसली होती. डावा हात ओढणीनं गळ्यात बांधलेला, चेहरा पांढरा पडलेला. तिच्यापुढे जमिनीवर अस्मा बसली होती, गळ्यात झेंडूचा हार तसाच, आणि हमसून हमसून रडत होती.

“रडू नको,” सलोनी तिला सांगत होती, आपल्या रोजच्या बोलीत. “पाय आडवा टाकायचा दोरीवर. टाच नाई, मधला पंजा. पुढच्या खेपेले जमते.”

शेजारी एक दाढीवाला माणूस पाण्याची बाटली धरून उभा होता. तो अस्माचा बाप, आसिम. सलोनीनं “बाबा” म्हणून हाक मारली तसा तो घनश्यामकडे वळला.

“भाऊ, मी कोपऱ्याच्या अगदी खाली होतो,” तो म्हणाला. “मले दिसलं. माही पोरगी डोक्यावर येत होती. मान मोडली असती. तुमच्या पोरीनं तिले अंगावर घेतलं.” त्यानं बाटली खाली ठेवली आणि घनश्यामचा हात दोन्ही हातांत धरला. हातांना ग्रीसचा वास येत होता.

आसिमच्याच गाडीतून ते दवाखान्यात गेले. खांद्याजवळचं हाड चिरलं होतं, दीड महिना हात हलवायचा नाही, असं डॉक्टर म्हणाले. पट्टा बांधायला आत बोलावेपर्यंत बापलेक बाहेरच्या बाकावर बसले. इंदुताई औषधं आणायला गेली होती.

“हारायचं पयलेच ठरलं होतं?” घनश्यामनं विचारलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा विचारलं.

“हो, बाबा. ते ठरलेलंच रायते. कसं पडायचं, कोठी पडायचं, तेवढं आपल्या हाती.”

“आन् ते बोलनं?”

सलोनीनं खाली पाहिलं. “अस्माले कोनीच ओळखत नव्हतं. पयल्याच दिवशी रिकाम्या टाळ्या पडल्या असत्या त ती परत चढली नसती रिंगनात. लोकायले माह्यावर राग आला, म्हनून ते तिच्यामागं गेले. राग यावा असं बोलाचं म्हटलं त जे खरोखर झोंबते तेच बोला लागते. दुसऱ्या गावात मी दुसरं काही बोलते. इथलं काय झोंबते, ते मले माईत हाय. मी इथलीच हाय ना.”

मैदानातली ती शांतता घनश्यामच्या अजून कानात होती. राग गेला नव्हता, पण त्याच्या खाली दुसरंही काही हलत होतं.

“पुंडलिकरावले सांगतो मी सगळं,” तो म्हणाला. “तू तिले कसं वाचवलं ते.”

“नाई, बाबा.” तिनं चटकन मान वर केली. “कोनाले सांगू नका. पाय घसरला हे लोकायले समजलं, त तिचं जितनं वाया गेलं. कोनाले दिसलं नाई, तेच बरं झालं.”

“आन् लोक तुले नावं ठेवतीन त?”

“ठेवू द्या. त्याचेच पैसे भेटतेत मले.” ती हसायला गेली आणि कळ येऊन थांबली.

सलोनी दीड महिना घरी राहिली. गावानं तिच्याशी बोलणं टाकलं असं नाही, पण बोलण्यात खार होता. हंसाबाई अंगणातून जाताना म्हणायच्या, “आंघोळ करून आली वो मी आज.” शाळेतून येणारी पोरं कुंपणापाशी थांबून “अस्मा, अस्मा” ओरडायची. सलोनी एका हातानं काळा चष्मा डोळ्यांवर चढवायची, ओठ मुडपायची आणि एक पाऊल पुढे टाकायची. पोरं किंचाळत पळायची आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार जणांना घेऊन यायची. “कायले चिडवतं लेकरायले,” इंदुताई रागवायची. पण रागवताना तिचंही तोंड हसरं असायचं. घनश्याम तुरीला मळणीयंत्र लावायच्या गडबडीत होता. तरी येता-जाता ओसरीवरचा हा खेळ बघायला त्याचा पाय थांबायचा.

एका संध्याकाळी गफ्फार आला. त्याच्या बायकोनं, सईदाभाभीनं, पोरीसाठी हाडांचं सूप पाठवलं होतं. तो सलोनीच्या खाटेजवळ बसला आणि तिनं सूप संपवेपर्यंत थांबून मग म्हणाला, “बेटा, तुह्या बापाचा आन् माहा एक झगडा हाय. तूच निकाल लाव. आजवरच्या सगळ्या पयलवानायत मोठा कोन?”

सलोनीनं विचार केला. “आमच्या पंजाबच्या शाळेत एक मास्टरजी होते,” ती म्हणाली. “नाव सांगून उपयोग नाई, तुमी ऐकलं नसंन. जनमभर हारले. कोनत्याच पोस्टरवर त्यायचा फोटू मोठा नव्हता. पन नवा पोट्टा आला की त्याची पयली कुस्ती त्यायच्यासंगंच लावत. मोठमोठे नाववाले यायचे, तेही म्हनत, मले याच्यासंगं लावा. काहून, त दुसऱ्या दिवशी सकाळी आपन आपल्या पायानं उठू, याची खात्री. आन् लोकायले वाटाचं की समोरच्यानं जग जितलं.”

“म्हंजे हारनारा मोठा?” गफ्फारला ते पटत नव्हतं.

“जितनं त कोनालेही लिहून देता येते, चाचा. त्यात त्याचं सोताचं काय?”

गफ्फार उठला, रिकामा डबा घेतला आणि दाराशी थांबून घनश्यामला हलक्या आवाजात म्हणाला, “पोरीचा उजवा हात बरा हाय ना? त्याच हातानं मान धरली होती तिनं त्या लेकीची.”

घनश्यामनं त्याच्याकडे पाहिलं. म्हणजे यालाही दिसलं होतं. इतके दिवस दुकानात बसूनही हा एका शब्दानं बोलला नव्हता.

“बरा हाय,” घनश्याम म्हणाला.

“मंग ठीक,” गफ्फार म्हणाला आणि गेला.

मार्च लागला तेव्हा घनश्यामची मोटार जळाली. तो ती घेऊन दुकानात गेला तर पुंडलिकराव आधीच बसलेले. त्यांचाही पंप बंद पडला होता. जानेवारीपासून दोघे समोरासमोर बसले नव्हते. गफ्फारनं दोघांना चहा दिला आणि तार गुंडाळायला घेतली.

“धूळ म्हने,” पुंडलिकरावांनी कपात बघत सुरुवात केली. “आंघोळ केली का म्हने. घनश्याम, मी तुले सांगतो, माह्या आयुष्यात मले असं कोनी बोललं नाई.”

घनश्यामच्या ओठांवर सगळं आलं. पाय घसरलेला, तळवा मानेमागे गेलेला, हाड चिरलेलं, आसिमचे हात. एक वाक्य बोललं असतं तर पुंडलिकराव गप्प झाले असते. गफ्फारचा हात तारेवर थांबला होता.

“हो ना,” घनश्याम म्हणाला. “लयच बोलली.”

“आन् मार कसा खाल्ला मंग. त्या लहानशा पोरीनं पार चीत केलं.”

“केलं खरं. लय जबर पोरगी हाय ते अस्मा.”

गफ्फारचा हात पुन्हा फिरायला लागला. पुंडलिकरावांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, मिशीवरून हात फिरवला. काहीतरी विचारायचं होतं आणि ते कसं विचारावं याचा ते अंदाज घेत असावेत.

“पुढच्या साली येनार हायेत का ते कंपनीवाले?” ते शेवटी म्हणाले.

“माईत नाई. काहून?”

“येत असंन त आदी सांगजो. या खेपेले पुढच्या रांगा पाह्यजेत. मी दोन टेम्पो करतो. माहा जावई केळापूरचा, त्यालेही बोलावतो. ते लेडी तुफान काय बोलते ते पाहूनच घेतो मी. अन् मी आता तयारीनं येतो ना, आंघोळ करून, अत्तर लावून येतो. मंग पाहू काय म्हनते.”

“विचारून सांगतो,” घनश्याम म्हणाला.

घरी आला तर सलोनीचा पट्टा निघालेला होता. ती अंगणात उभी राहून डावा हात हळूहळू भिंतीवरून वर सरकवत होती, रोज थोडा थोडा, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे. घनश्यामनं पायातल्या वहाणा काढल्या आणि पुंडलिकराव काय म्हणाले ते तिला सांगितलं, अत्तरासकट.

सलोनी ऐकत होती. मग ती हसायला लागली. भिंतीला कपाळ टेकून, दुखरा खांदा दुसऱ्या हातानं धरून ती हसतच राहिली, आणि आतून इंदुताई काय झालं म्हणून विचारत बाहेर आली.

“काही नाई,” घनश्याम म्हणाला. “पोरीचं काम चांगलं झालं म्हने.”